वरचा मजला भाड्याने देताना: त्याच घरात राहणाऱ्या नव्या घरमालकांचे प्रश्न

मुले शिक्षणा-नोकरीसाठी बाहेर पडतात, दोन मजली बंगला किंवा रो-हाऊस निम्मे रिकामे होते आणि कोणीतरी सुचवते, "वरचा मजला भाड्याने का देत नाही?" पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत दर गल्लीत अशी दोन-चार घरे सापडतील. दुसरीकडे असलेला फ्लॅट भाड्याने देणे आणि स्वतः राहतो त्याच घराचा एक मजला देणे यांत फार फरक आहे. इथे मालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये एक स्लॅब असतो. रोज फाटकात भेट होते. भाडेकरू घरातलाच वाटू लागतो, मग कागदपत्रे ढिली पडतात आणि त्याच्या रोजच्या जगण्यात आपली लुडबुड वाढते. खरे तर नेमके उलटे हवे: कागदावर काटेकोर आणि वागण्यात मोकळे. खालची उत्तरे याच धोरणाने लिहिली आहेत. कायद्याचे तपशील महाराष्ट्रापुरते आहेत.

खालचा मजला आपल्याकडे ठेवावा की वरचा?

घरात ज्येष्ठ असतील तर प्रश्नच नाही, गुडघ्यांसाठी खालचा मजला. अंगण, झाडे, फाटक आणि पाण्याचा हौदही मग आपल्या नजरेसमोर राहतात. मात्र दोन गोष्टी स्वीकाराव्या लागतात. वरच्या पावलांचा आणि खुर्च्या सरकवण्याचा आवाज आपल्याला येणार, आणि वरच्या बाथरूममधली गळती आपल्याच छताला दिसणार. आवाजाने झोप उडणाऱ्यांनी आणि जिना चढता येणाऱ्यांनी वर राहायचा विचार जरूर करावा. तेव्हा गच्ची आपोआप आपल्याकडे येते. वाळवणे, सोलर हीटर, टाकीची सफाई यांसाठी कोणाला विचारावे लागत नाही.

भाडेकरू येण्याआधी घरात काय बदल करून घ्यावे?

सर्वांत आधी जिना. वर जायचा रस्ता आपल्या दिवाणखान्यातून असेल तर भाड्याने देण्याची घाई करू नका. बाहेरून जिना काढता येत असेल तर तो खर्च करा. ते शक्य नसेल तर जिन्यापाशी भिंत आणि स्वतंत्र दार तरी हवे. रात्री साडेअकराला कामावरून परतणारा माणूस तुमच्या सोफ्याशेजारून वर जाणार असेल, तर दोन्ही कुटुंबे दोन महिन्यांत वैतागतील. बाहेरून जिना काढायचा तर बांधकाम परवानगी लागते का, हे महापालिकेत किंवा नगरपरिषदेत विचारून घ्या. वरचा मजला मंजूर नकाशात आहे ना, हेही त्याच वेळी पाहा.

मग कुलपे. वरच्या दाराचे कुलूप नवीन घाला. फाटकाची किल्ली भाडेकरूला द्या, नाहीतर उशिरा आल्यावर बेल वाजवण्यावरून कुरबुर सुरू होते. वरच्या खोल्यांतले आपले सामान पूर्ण काढा. "एक कपाट फक्त आमचे राहील" ही सोय वाटते खरी, पण त्या कपाटासाठी तुम्ही दर आठ दिवसांनी वर जाल आणि भाडेकरूला ते घर स्वतःचे कधीच वाटणार नाही.

विजेचे एकच मीटर आहे. चालेल का?

चालवता येते, पण वेगळे मीटर घेणे केव्हाही चांगले. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात: पहिली १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. समजा दोन्ही मजल्यांवर महिन्याला २०० युनिट लागतात. मीटर वेगळी असतील तर प्रत्येक घराची पहिली १०० युनिट स्वस्त टप्प्यात जातात आणि उरलेली दुसऱ्या टप्प्यात. तेच ४०० युनिट एका मीटरवर पडले तर फक्त १०० युनिट स्वस्त, २०० दुसऱ्या टप्प्यात आणि शेवटची १०० थेट तिसऱ्या टप्प्यात. वापर तेवढाच, बिल मात्र जास्त. वर एसी असेल तर फरक आणखी जाणवतो.

स्वतंत्र स्वयंपाकघर आणि स्वतंत्र प्रवेश असलेल्या मजल्यासाठी महावितरणकडे दुसऱ्या जोडणीचा अर्ज करा. तोवर सबमीटर (फक्त वरच्या मजल्याचा वापर मोजणारे मीटर) बसवा, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दोघांनी मिळून त्याचे रीडिंग घ्या, फोटो काढा आणि एकूण बिल युनिटच्या प्रमाणात वाटून घ्या. सबमीटरवर युनिटमागे मनाला येईल तो दर लावू नका. विजेवर नफा कमावणे योग्य नाही, आणि मूळ बिल भाडेकरूला दाखवायला आपल्याला संकोच वाटता कामा नये.

पाण्याची मोटर, फाटकाचा दिवा, जिन्यातला दिवा कोणत्या मीटरवर आहेत हे आधीच पाहा. हे सामाईक खर्च मालकाच्या मीटरवर ठेवून भाड्यात धरणे सर्वांत सोपे.

पाण्यावरून भांडणे होतात असे ऐकले आहे.

होतात, आणि बहुतेक वेळा ती टाकी एकच असल्यामुळे होतात. खालच्यांनी कपडे धुतले की वरच्यांचा शॉवर बंद, मग "मोटर कोण लावणार" यावरून धुसफूस. गच्चीवर दोन टाक्या आणि दोन वेगळ्या वाहिन्या करून घेतल्या की निम्मे वाद संपतात. नळाला पाणी कधी येते, हौद भरायला किती वेळ लागतो, बोअरचे पाणी पिण्याजोगे आहे का आणि मे महिन्यात टँकर मागवावा लागला तर पैसे कोण देणार, हे घर दाखवतानाच सांगा. उन्हाळ्यात टंचाई असते हे भाडेकरूला उन्हाळ्यातच कळले, तर त्याला फसवल्यासारखे वाटते. त्यात त्याचे काही चुकत नाही.

भाडेकरू ओळखीतलेच आहेत. मग कराराची काय गरज?

ओळखीत तर जास्तच गरज. अनोळखी माणसाला नियम सांगताना जीभ अडखळत नाही. आतेबहिणीच्या दिरांना "भाडे पाच तारखेला द्या" म्हणणे अवघड असते. कागद असला की ते बोलणे कागद करतो.

कायदाही स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती राहायची फक्त परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर घर कोणत्या अटींवर दिले याबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षेची तरतूद आहे. मुद्रांक कागदावर लिहून नोटरी केलेला करार म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. हा गैरसमज इतका पसरला आहे की एजंटसुद्धा बिनदिक्कत तसे सांगतात.

करार ११ महिन्यांचाच का करतात?

१९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी देशभर ११ महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र मुदत कितीही असली तरी नोंदणी करावीच लागते, त्यामुळे ११ आकड्याला इथे काही विशेष अर्थ उरलेला नाही. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येते. पहिल्यांदा घर देताना ११ किंवा १२ महिने ठेवा, दोघांना एकमेकांचा अंदाज येतो. पुढच्या वेळी २४ किंवा ३६ महिने करायला हरकत नाही. दरवर्षीचा नोंदणीचा खटाटोप वाचतो आणि भाडेवाढ त्यातच लिहून ठेवता येते.

नोंदणी कशी करायची आणि खर्च किती?

दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन करता येते, किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी सेवेतून घरबसल्या. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे आधार क्रमांक लागतात. अधिकृत सेवा पुरवठादार घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेतो.

मुद्रांक शुल्काचा हिशेब असा: पूर्ण मुदतीचे भाडे, परत न करायची काही रक्कम असल्यास ती, आणि परत करायच्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. महिना १५,००० रुपये भाडे, ५०,००० अनामत आणि ११ महिने मुदत घेतली तर भाड्याचे १,६५,००० आणि व्याजाचे सुमारे ४,५८३, म्हणजे १,६९,५८३ रुपये. त्यावर शुल्क येते सव्वाचारशेच्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये, शिवाय दस्त हाताळणीचे शुल्क आणि पुरवठादाराचा मेहनताना. एवढ्या खर्चासाठी नोंदणी टाळणे मला तरी समजत नाही. खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे.

नोंदणी झाल्यावर इंडेक्स टू (नोंदणीचा अधिकृत गोषवारा) आणि कराराची प्रत भाडेकरूलाही द्या. गॅस, बँक, मुलांची शाळा, सगळीकडे त्याला ती लागते.

"बारा वर्षे राहिला की घर त्याचे", "कूळ लागेल", अशी भीती घरातले मोठे घालतात. खरे आहे का?

बारा वर्षांची मुदत प्रतिकूल कब्जासाठी आहे, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून उघडपणे कब्जा ठेवणाऱ्यासाठी. तुमच्या परवानगीने, करार करून, भाडे देऊन राहणाऱ्याचा कब्जा प्रतिकूल होत नाही. कूळ हा शेतजमिनीचा विषय आहे, त्याचा या घराशी संबंध नाही.

मोठ्यांच्या भीतीमागे मात्र खरा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. अनेक मालकांची घरे त्यानंतर पिढ्यानपिढ्या अडकली. ज्यांनी ते पाहिले त्यांची धास्ती समजून घ्या, पण आजचा कायदा वेगळा आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे, राहण्यासाठी लायसन्सवर दिलेले घर मुदत संपताच परत करावे लागते. न केल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतो, आणि त्यानंतरच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो.

यासाठी करार "लिव्ह अँड लायसन्स" याच नावाचा आणि त्याच आशयाचा हवा, आणि मुदत संपल्यावर नवा करार न करता नुसते भाडे घेत राहू नये.

घर वडिलांच्या नावावर आहे. करार मी करू का?

नाही. ज्यांच्या नावावर मिळकत आहे त्यांनीच करार करायचा. भाडे त्यांच्या खात्यात जाते आणि करही त्यांनाच लागतो. संयुक्त मालकी असेल तर सर्वांच्या सह्या घ्या. वडिलांना धावपळ झेपत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करता येते.

करारात एकाच घरात राहण्यासंबंधी काय लिहावे?

छापील नमुन्यात भाडे, अनामत, मुदत, नोटीस हे सगळे असतेच. दोन मजली घरासाठी त्यात भर घालावी लागते. गच्ची कोणी वापरायची, कपडे कुठे वाळवायचे, पार्किंगमध्ये किती वाहने, पावसाळ्यात स्कूटर पोर्चमध्ये लावायची का, अंगणातली फळे-फुले कोणाची, कचरा कुठे ठेवायचा, कुत्रा-मांजर चालेल का, जिना कोण झाडणार. वाचताना क्षुल्लक वाटते, पण माणसे बोलायची बंद होतात ती अशाच गोष्टींवरून. भाडेकरूला काय मिळेल, हेही नीट लिहा. "गच्ची वापरता येईल" असे लिहिले असेल तर नंतर आपण गच्चीला कुलूप लावू शकत नाही.

सोबत सामानाची यादी जोडा: पंखे, गीझर, पडद्यांचे रॉड, ओट्याखालच्या ट्रॉल्या. भिंतींचे आणि बाथरूमचे फोटो त्या दिवशीच दोघांच्या फोनमध्ये असू द्या.

भाडे आणि अनामत किती ठेवावी?

आसपासच्या चार घरांची चौकशी करा. मालक त्याच घरात राहतो म्हणून काही भाडेकरू बिचकतात, तर एकट्या राहणाऱ्या मुलींना किंवा लहान मुलांच्या आईवडिलांना तेच सुरक्षित वाटते. पहिल्याच वर्षी सर्वांत जास्त भाडे मिळवण्याच्या मागे लागू नका. हजार-दोन हजार कमी देणारे पण वेळेवर देणारे, शांत कुटुंब आपल्या डोक्यावर राहणे अधिक मोलाचे.

महाराष्ट्रात अनामत किती घ्यावी हा व्यवहाराचा भाग आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने स्वतः तसा कायदा केल्याशिवाय ती लागू होत नाही. दोन-तीन महिन्यांचे भाडे पुरेसे आहे असे माझे मत. अनामत आणि भाडे दोन्ही बँकेतूनच घ्या. अनामत रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवा, ती आपली नाही.

भाडेकरू निवडताना काय पाहावे?

नोकरीचा किंवा कॉलेजचा पुरावा, आधार, पॅन आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर. शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. आधीच्या मालकाला एकच प्रश्न विचारा: "तुम्ही यांना पुन्हा घर द्याल का?" उत्तर द्यायला ते किती थांबतात यावरून बरेच कळते.

आडनाव, जात, धर्म विचारून घर नाकारणे मला अजिबात मान्य नाही. आपल्याकडे शहरोशहरी माणसे चांगली नोकरी आणि पैसे हातात घेऊन दारोदार फिरतात आणि आडनाव सांगितले की खोली "कालच गेली" असे ऐकतात. एका मजल्याचा मालक असलेला माणूस हे आपल्यापुरते तरी थांबवू शकतो. बॅचलर नकोच, असेही सरसकट ठरवू नका. वरच्या मजल्यावरचे दोन नोकरदार तरुण दिवसभर बाहेर असतात.

घरात मांसाहार चालत नसेल तर ते घर दाखवतानाच स्पष्ट सांगा, म्हणजे समोरच्याला ठरवता येते. सहा महिन्यांनी फोडणीचा वास घेत जिन्यात उभे राहणे दोघांनाही लाजिरवाणे आहे.

पोलिसांना कळवावे लागते का?

हो. पोलीस आयुक्त आणि जिल्हा प्रशासन वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे बंधनकारक करतात, आणि ते मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. माहिती ऑनलाइनही भरता येते. पोचपावती जपून ठेवा. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये कळवायची असते.

घर माझे आहे. मी वर केव्हाही जाऊ शकतो ना?

नाही. करार चालू आहे तोवर तो मजला त्या माणसाचे घर आहे. पाहणीचा हक्क कायद्याने मालकाला आहे, पण आधी सूचना देऊन आणि योग्य वेळी. एका घरात राहणाऱ्यांना हे पाळणे सर्वांत अवघड जाते. आईंना वाटते, सहज वर जाऊन बघून यावे. बाबांना वाटते, दार उघडेच आहे तर गीझर तपासावा. आधी फोन किंवा मेसेज करा, "हो" आल्यावरच जा. दुसरी किल्ली आपल्याकडे असली तरी ती आग, पाणी फुटणे, दार आतून अडकणे यांसाठीच.

पाहुणे कोण आले, किती वाजता गेले, मुलगी कोणाच्या गाडीवरून आली, यांची नोंद ठेवणे मालकाचे काम नाही. कराराबाहेरचे कोणी महिनोन्महिने राहू लागले तर तो प्रश्न वेगळा, तेव्हा बसून बोला.

गणपतीत आरतीला बोलवावे, दिवाळीत फराळाचे ताट द्यावे, पण ते आले नाहीत तर मनाला लावून घेऊ नये. त्यांनी घर घेतले आहे, नाते आपोआप जुळले तर जुळले.

आवाजाचा त्रास होतो. कसे सांगावे?

त्याच दिवशी, चढलेल्या आवाजात, जिन्यातून ओरडून नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे, नेमके सांगा: "रात्री अकरानंतर मिक्सर नको." खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या आपणच आणून द्या, स्वस्त असतात आणि निम्मा आवाज जातो. आपल्या टीव्हीचा आवाज त्यांना वर जातो का, हेही त्याच वेळी विचारा.

दुरुस्ती कोणी करायची?

इमारतीच्या अंगातले मालकाचे: गळती, नळवाहिन्या, वायरिंग, प्लास्टर, बाहेरचा रंग. वापरातले भाडेकरूचे: बल्ब, तुंबलेले सिंक, हातून तुटलेली काच. वरच्या बाथरूमची ओल खाली दिसली की भाडेकरूवर संशय घेण्याआधी प्लंबरला बोलवा. बहुतेक वेळा जुन्या टाइल्सच्या फटी, नहाणी ट्रॅप किंवा वॉटरप्रूफिंग हेच कारण निघते. वरच्याची दुरुस्ती लांबवली तर ओल आपल्याच छताला वाढते, म्हणून इथे चालढकल परवडत नाही.

भाड्यावर आयकर कसा लागतो?

भाड्याने दिलेल्या भागापुरते उत्पन्न "घर मिळकतीपासूनचे उत्पन्न" या सदरात दाखवायचे. वर्षाच्या भाड्यातून त्या भागाची प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते, आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीला खर्च झालेला असो वा नसो. महिना १८,००० म्हणजे वर्षाचे २,१६,०००, त्या भागाची घरपट्टी ६,००० धरली तर २,१०,०००. त्यातून ६३,००० वजा जाऊन १,४७,००० रुपये करपात्र उत्पन्नात मिळवले जातात. गृहकर्ज चालू असेल तर त्या भागाच्या प्रमाणात व्याजही धरता येते, पण नव्या आणि जुन्या करप्रणालीत तोट्याचे नियम वेगळे आहेत. तिथे कर सल्लागाराला विचारा. परत करायची अनामत हे उत्पन्न नाही.

घरपट्टी वाढते का? सोसायटीचे काय?

वाढू शकते. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलेल्या भागाला ती धरता येत नाही. आपल्या गावचा नियम आधी पाहून तो खर्च भाड्यात धरा. रो-हाऊस गृहनिर्माण सोसायटीत असेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतले जाणारे) लावू शकते का हे विचारा. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

भाडे थकले किंवा मुदत संपूनही घर सोडत नाहीत, तर?

पहिल्याच थकलेल्या महिन्यात बोला आणि तेच मेसेजवर लिहून ठेवा. अडचण खरी असेल तर अनामतीच्या मर्यादेत सवलत द्यायला हरकत नाही. त्यापुढे गेले की वकिलाकडून लेखी नोटीस आणि मग सक्षम प्राधिकारी.

पाणी बंद करणे, मीटरचा फ्यूज काढणे, फाटकाचे कुलूप बदलणे हे कधीही करू नका. मेन स्विच आणि व्हॉल्व्ह आपल्याच अंगणात असल्यामुळे रागाच्या भरात हात तिकडे जातो. अत्यावश्यक सेवा तोडण्याला अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई केली आहे, आणि तसे केले की आपली भक्कम बाजू एका दिवसात कमकुवत होते.

भाडेकरू घर सोडताना काय करायचे?

महिनाभर आधी दोघांनी मिळून एकदा फेरी मारा, म्हणजे काय दुरुस्त करायचे ते त्यांना आधी कळते. शेवटच्या दिवशी यादी आणि जुने फोटो समोर ठेवा, मीटरचे रीडिंग घ्या, शेवटच्या बिलाची रक्कम ठरवा. वापराने फिका पडलेला रंग आणि झिजलेला नळ यांचे पैसे कापू नयेत. दाराला पडलेल्या भोकाचे कापावेत, तेही पावती दाखवून. किल्ल्या हातात आल्या की उरलेली अनामत त्याच दिवशी, त्यांच्यासमोरच खात्यावर पाठवा आणि "घराचा ताबा मिळाला, अनामत परत केली" अशा कागदावर दोघांच्या सह्या घ्या.